नेट बंद पडलं? आधी मुलांना बघू द्या



घरात किंवा शाळेच्या संगणक कक्षात नेट बंद पडलं की आपण काय करतो? राऊटर बंद करून चालू करतो. तरी नाही आलं तर दुरुस्तीवाल्याला फोन. तो दोन दिवसांनी येतो, एक पिन काढून परत बसवतो, पैसे घेतो आणि जातो. तोवर कक्षाला कुलूप, आणि कुणाचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर त्याची धावपळ वेगळीच. माझं स्पष्ट मत आहे की आठवी-नववीच्या मुलांना हा बिघाड शोधता येतो आणि तो त्यांनाच शोधू द्यावा.

मी मुद्दाम वायरच्या नेटवर्कबद्दल म्हणते आहे. वाय-फाय डोळ्यांना दिसत नाही. वायर हातात धरता येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जाता येते. म्हणून पहिलं काम नकाशाचं. बाहेरून फायबर येते ती कंपनीच्या डब्यात, तिथून राऊटर, राऊटरमधून स्विच, स्विचमधून एकेक संगणक. मुलांना हे वहीत काढू द्या आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवायला सांगा. कित्येक शाळांत कोणती वायर कुठे जाते हे कुणालाच माहीत नसतं!

मग पहिला प्रश्न: एकाच संगणकाचं नेट गेलंय की सगळ्यांचं? सगळ्यांचं गेलं असेल तर स्विच, राऊटर किंवा त्याच्या पलीकडे बघायचं. एकाचंच असेल तर तो संगणक, त्याची केबल आणि स्विचचं ते एक भोक, एवढंच उरतं. केबल लावलेल्या जागी छोटा दिवा लागलाय का ते बघा. नसेल तर शेजारच्या चालू संगणकाची केबल इथे लावून बघा. दिवा लागला? म्हणजे जुनी केबल किंवा स्विचमधली तिची जागा, दोन्हींपैकी एक. आता जुनीच केबल स्विचच्या दुसऱ्या, चालू जागेत लावा, म्हणजे तेही कळेल.

इथे एक नियम मात्र कडक ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, स्विच बंद-चालू केला आणि संगणकही पुन्हा सुरू केला, सगळं एकदम, नेट आलं. पण कशानं आलं? सांगता येत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात एकच घटक बदलून बाकीचे तसेच ठेवायचे, हे आपण फळ्यावर लिहून देतो आणि मुलं पाठ करतात. इथे ते हाताला कळतं.

दिवा लागतोय पण नेट नाही, तर पत्ता तपासायचा. संगणकाला राऊटरकडून साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राऊटरकडून पत्ता आलाच नाही आणि संगणकानं स्वतःच एक घेतला, असं समजा. पत्ता बरोबर असेल तर आधी राऊटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर नावाचा आकडा करून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. घरापासून बाहेर एकेक पायरी, बस्स.

दोन बिघाड तर मुद्दाम करून दाखवण्यासारखे आहेत. साध्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं लावा. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खा कक्ष ठप्प होतो, कारण तोच निरोप गोल गोल फिरत राहतो. टेबल आवरताना मोकळं टोक दिसलं की कुणीतरी ते स्विचमध्ये खोचतं, तेव्हा हेच होतं. दुसरा, जुना राऊटर स्विच म्हणून जोडणं. त्याचं पत्ते वाटायचं काम बंद केलं नाही तर एका घरात दोन पत्तेवाटे होतात, आणि कुणाला कोणाचा पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही.

"मुलांनी काही बिघडवलं तर?" हा प्रश्न येणारच. नेटच्या केबलमधली वीज साधारणपणे अगदी कमी दाबाची असते. २३० व्होल्टचा प्लग आणि अडॅप्टर मात्र मोठ्यांनीच हाताळावा, आणि बाहेर विजा कडाडत असतील तर कुणीच काही हाताळू नये. राऊटरच्या बारीक भोकातली रिसेटची कळ दाबायची नाही, हेही आधीच सांगा. कंपनीनं भरलेली माहिती पुसली जाते आणि मग खरंच माणूस बोलवावा लागतो.

आणखी एक. वर्गात केबल हातात घेणारी तीच ती दोन-तीन मुलं असतात, मुली लांबून बघतात. पाळ्या लावा. घरीसुद्धा, बाबा आणि दादा राऊटरपाशी आणि ताई चहा करतेय, असं नको.

बिघाडाची एक वही ठेवा: तारीख, काय दिसलं, काय बदललं, पुढे काय झालं. कंपनीच्या डब्यावर लाल दिवा असेल तर दोष बहुधा बाहेरच्या फायबरचा, तिथे आपलं काम संपलं. पण तक्रारीचा फोन मुलीलाच करू द्या. वही समोर धरून ती सांगेल, "आमच्या सगळ्या संगणकांना पत्ता मिळतोय, राऊटर पिंगला उत्तर देतोय, तुमच्या डब्यावर लाल दिवा आहे. माणूस कधी पाठवताय?"