मांजरा खोरे : सरासरी भरली, सोयाबीन गेले

पावसाळा सरला की तहसीलचा आकडा येतो. सरासरीच्या इतके टक्के! आकडा शंभराच्या पुढे गेला की कचेरी निर्धास्त. मांजरा खोऱ्यातला शेतकरी मात्र म्हणतो, "पाऊस झाला हो, पण कामाचा नाही झाला." त्याचे म्हणणे खरे आहे.

२०१६ साल आठवावे. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरून वाहिले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ऐन शेंगा लागताना सोयाबीनने माना टाकल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये काढणीला आलेले तेच पीक पाण्यात सडले.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. घागर मोठी झाली म्हणा ना! भरायला वेळ लागतो, पण कलंडली की एकदम ओतते. त्यात अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग तिप्पट झाले. एकूण मोसमी पाऊस मात्र घटतीकडेच होता.

आपली काळी जमीन आधी भेगांतून पाणी पिते, पण एकदा फुगली की तोंड मिटते. पुढचे पाणी माती घेऊनच ओढ्याला लागते. रुंद वरंबा-सरीवरची पेरणी इथे दोन्हीकडून उपयोगी; खंडात ओल धरते, जादा पाणी सरीतून काढून देते.

खरी अडचण कागदाची आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, आणि मोजणी मंडळाच्या पर्जन्यमापकावर. शिवारात ढगफुटी झाली नि मंडळात साठच नोंदला, तर पंचनाम्यासाठी हेलपाटे आलेच! म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःचा साधा पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठला नोंद करावी. वहीत एकूण पावसाशेजारी आणखी दोन रकाने हवेत : अडीच मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती, आणि सलग खंड किती दिवसांचा. तलाठी व कृषी सहायकांनी त्यावर दर आठवड्याला सही करावी. खरिपाच्या आधीच्या ग्रामसभेत तसा ठराव घेता येईल.