गळणारा कोण?

"काका, जुनी गाडी आहे, थोडी गळणारच!" असं पुतण्या हसत हसत म्हणाला आणि विषय संपवला. मला मात्र ते वाक्य काही पटलं नाही.

झालं असं की, दिवाळीला तो सोलापूरहून मैंदर्गीला आला तो त्याची लाडकी गाडी घेऊनच. सॅन स्टॉर्म. पुष्कळांना आता नावही आठवणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीला गोव्यात बनलेली ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं १.२ लिटरचं. बॉडी फायबरची असल्यामुळे गंजत नाही, पण आतल्या रबराचं वय कुणाला चुकलंय? गल्लीतली सगळी पोरं गाडीभोवती गोळा झाली. सकाळी गाडी पुढे घेतली तर अंगणातल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग! सौ. म्हणाली, "आता मी रांगोळी काढू कुठं?"

चौकशी केली तेव्हा कळलं की हे दुखणं वर्षभराचं आहे. एका गॅरेजवाल्याने खालच्या ऑइल पॅनचं पॅकिंग बदललं. डाग तसाच. दुसऱ्याने ऑइल सील बदललं. डाग तसाच. चांगले काही हजार गेले, आणि मग "जुनी गाडी गळणारच" हे तत्त्वज्ञान आलं.

मंडळी, मी काही गाडीतला जाणकार नाही. जन्मभर मराठी शिकवलं. पण कर्ता कसा ओळखायचा हे मी पोरांना शिकवत असे. धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण?' असं विचारायचं. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, क्रियापद तर फरशीवर दिसतंय. गळणारा कोण, हे कुणी विचारलंय का?"

गंमत अशी आहे की थेंब जिथं पडतो तिथून तो निघालेला नसतोच. तेल वरून निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टाला येऊन लोंबकळतं. आपण त्या बोल्टाला दोषी धरतो. म्हणून आधी इंजिन स्वच्छ पुसायचं, मग गाडी थोडी चालवायची आणि बॅटरी घेऊन ताजा ओलावा सर्वात वर कुठं आहे ते बघायचं. संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर उडवली की ओलाव्याची वाट तिच्यावर उमटते. मोठ्या गॅरेजमध्ये तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली बघतात, तत्त्व तेच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

दुसरं, गळतंय ते काय आहे? काळं-तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. दाट, उग्र गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर रेडिएटरचं कूलंट. ते विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून लगेच धुवावं. एसी लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर काळजीचं कारण नाही.

रात्री आम्ही गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरला आणि चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखल्या. सकाळी मधोमध तो ओळखीचा काळा डाग होताच, पण पुढच्या डाव्या चाकापाशी आणखी एक फिकट, पिवळसर ठिपका होता. फरशीवर तो कधी दिसलाच नव्हता. दिसला असता तरी गाडी धुतल्याचं पाणी म्हणून सोडून दिला असता. दोन वाट्यांत पाणी घेतलं आणि काडीने दोन्हीचे थेंब टाकले. काळा वर तरंगला. फिकट पाण्यात विरघळून गेला.

पुतण्याचा चेहरा उतरला. बॉनेट उघडून पाहिलं तर ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेच्याही खाली. त्याने ब्रेक दाबला आणि मी चाकामागे बॅटरी मारली, तर रबरी होजच्या टोकाशी थेंब फुगताना दिसला. त्या दिवशी तो आपल्या सात वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून अक्कलकोटला दर्शनाला निघणार होता. ती नवा फ्रॉक घालून दारात उभी होती. बसने गेले सगळे. गाडी चार दिवस जागेवरून हलली नाही. होजचा नमुना सोलापुरात दाखवून त्याच मापाचा आणला, मेकॅनिकने येऊन तो बसवला, ब्रेकमधली हवा काढली, तेव्हाच किल्ली पुतण्याच्या हातात गेली.

काळ्या डागाचा कर्ताही सापडला. इंजिनच्या अगदी डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तेल तिथून ओघळून पॅनवर येत होतं. खालचं पॅकिंग बदलून काय होणार?

माझं म्हणणं एवढंच. "जुनं आहे, गळणारच" हे उत्तर नव्हे, तो प्रश्न टाळण्याचा मार्ग आहे. प्रत्येक थेंबाला घाबरू नये, दिवसाला तेलाचा एखादा थेंब पडल्याने आभाळ कोसळत नाही. पण तो कशाचा आणि कुठला हे माहीत असल्याशिवाय "पडू दे" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. डोळ्यांत भरणारा डाग निरुपद्रवी निघाला आणि जिवावर बेतणारा कुणाला दिसतच नव्हता.

हे दुसऱ्याला सांगताना मला माझ्याच वह्या आठवल्या. आमच्या भागात निम्म्या पोरांच्या घरी कानडी. "ते भिंत पडलं" असं पोरगं लिहायचं आणि मी लाल शाईने रेघ मारून बाजूला 'निष्काळजीपणा' असं लिहायचो. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच, हे मला, कानडी कानावर पडत असूनही, कितीतरी वर्षांनी सुचलं. म्हणजे चूक वहीत दिसत होती, पण उगम घरच्या भाषेत होता. मी नुसता डाग पुसत बसलो. त्या पोरांपैकी काहींनी मराठीचा धसकाच घेतला, त्याचं आजही वाईट वाटतं.

असो. फरशीवरचा डाग काही पूर्ण गेला नाही. सौ. ने त्याच्याभोवतीच रांगोळी काढली.