विद्युत्-यंत्र आणि वैद्याचे तारतम्य

सांप्रत अनेक आयुर्वेदीय औषधालयांच्या फडताळात महानारायण तेलाच्या बाटल्यांशेजारी एक लहानसे खोके दिसू लागले आहे. आत तळहाताएवढे बॅटरीवरील यंत्र, दोन वायरी आणि चार चिकट पॅड. खोक्यावर मात्र संधिवात, गृध्रसी, पक्षाघात, स्थौल्य अशी रोगांची मालिकाच छापलेली असते. विक्रीप्रतिनिधी सांगतो की याने वात मुळापासून जातो, आणि आपल्यापैकी काही जण रुग्णास तेच ऐकवतात. टेन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रास आमचा विरोध नाही. या सांगण्यास आहे.

यंत्राचे कार्य काय, हे आधी पाहावयास हवे. मेल्झॅक व वॉल यांनी 1965 साली वेदनेचा द्वारसिद्धान्त मांडला. स्पर्शसंवेदना वाहणारे जाड मज्जातंतू उद्दीपित केले असता मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशास अटकाव होतो, असा त्याचा आशय. सेकंदास सुमारे 80 ते 120 स्पंदने देणारी नेहमीची पद्धत याच तत्त्वावर चालते. 2 ते 4 स्पंदनांच्या मंद पद्धतीत शरीरातील वेदनाहर द्रव्ये स्रवतात असे मानले जाते. दोन्हींत वेदनेची जाणीव मंदावते. झिजलेला सांधा भरून येत नाही, दबलेली नाडी मोकळी होत नाही.

गुणाबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये कटिशूलासाठी टेन्स देऊ नये अशी शिफारस केली. उलट 2022 साली बीएमजे ओपन या नियतकालिकात 381 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना व लगेच नंतर वेदना कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या मते या दोन विधानांत फारसा विरोध नाही. आराम मिळतो, पण तो त्या वेळेपुरता. तेवढ्या वेळात रुग्णाकडून व्यायाम करून घेतला, त्याला चार पावले चालविले, तर यंत्राचे सार्थक झाले. एरवी रुग्ण पट्टा बांधून दूरदर्शनसमोर बसतो आणि महिन्याभराने पुन्हा आपल्याच दारात येतो.

स्नायू आकुंचित करणारे उद्दीपन ही वेगळी गोष्ट आहे, हे पुष्कळ विक्रेत्यांस ठाऊक नसते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू क्षीण होतो. तेथे त्याचा उपयोग आहे. परंतु त्यासाठी स्नायूची नाडी शाबूत लागते. नाडीच तुटली असेल तर या घरगुती यंत्राची अतिसूक्ष्म कालावधीची स्पंदने त्या स्नायूस हलवू शकत नाहीत. म्हणून अर्दिताच्या प्रत्येक रुग्णास हे खोके देणे आम्हांस योग्य वाटत नाही. पोटावर पट्टा बांधून मेद झडतो, ही तर शुद्ध फसवणूक होय.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या चिकित्सालयात अवबाहुकाच्या एका रुग्णास अभ्यंगानंतर, त्वचा नीट न पुसताच, पॅड लावले गेले. तेल विद्युत्-प्रवाहास रोधक. पॅड अर्धवट चिकटले, प्रवाह जेथे त्वचेस टेकला तेथेच एकवटला, आणि खांद्यावर दोन लाल चट्टे उठले. दोष यंत्राचा नव्हता. तेव्हापासून आम्ही पॅड अभ्यंगाच्या आधी लावतो, अन्यथा साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या त्वचेवरच. अग्निकर्माच्या व्रणावर किंवा लेपाने चुरचुरणाऱ्या त्वचेवर तर लावूच नये. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाबाबत विशेष सावध असावे. रुग्णास चटका कळत नाही आणि तो प्रवाह वाढवीत जातो. लावण्यापूर्वी बोथट-टोकदार स्पर्श तपासण्यास मिनिटभर पुरते.

हृदयात पेसमेकर असलेल्यास, अपस्माराच्या रुग्णास, गर्भिणीच्या उदर-कटीवर, गळ्याच्या पुढच्या भागावर आणि अर्बुदाच्या जागी हे यंत्र वापरू नये. याहून मोठा धोका वेदना झाकली जाण्याचा. डाव्या बाहूकडे जाणारी कळ हृद्रोगाची असू शकते. गृध्रसीसोबत मूत्राचे नियंत्रण सुटले असेल तर त्या रुग्णास त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे धाडावे लागते. ही परीक्षा वैद्याचीच. दुकानातील गल्ल्यावर ती होत नाही.

काही विद्वान सुश्रुताच्या अग्निकर्मात व चरकाच्या तेरा साग्नि स्वेदांत विद्युत्-चिकित्सेचे बीज शोधतात. ते तेथे नाही, आणि नसल्याने शास्त्रास उणेपणाही येत नाही. (संधिशूल व शिरःशूलासाठी विजेचा मासा लावण्याची नोंद पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गसने केली आहे, ते श्रेय त्यालाच असू द्यावे.)

औषधालयचालकांसाठी दोन शब्द. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे वैद्यकीय उपकरणांसही लागत नसावा असा समज आहे. तो चुकीचा आहे. 1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि 2022 च्या दुरुस्तीने विक्रेत्यासाठी एमडी-42 नमुन्यातील नोंदणी ठरविली. ज्यांच्याजवळ ॲलोपॅथिक औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांना हा प्रश्न थेट लागू पडतो. शिवाय पक्षाघात व स्थौल्य बरे करण्याची जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात बसते. फलक दुकानाबाहेर लागला की उत्तर दुकानदारास द्यावे लागते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक खोक्यासोबत मराठीतील एक पानी चिठ्ठी द्यावी: कोणी वापरू नये, पॅड कोठे लावू नये, त्वचा कशी असावी, आणि किती दिवसांत उतार न पडल्यास वैद्यास भेटावे. मसुदा आम्ही केला आहे. सभासदांनी दुरुस्त्या सुचवाव्यात. पुढील अंकासोबत तो छापून देण्याचा विचार आहे.