कोरा रकाना

पायाच्या बंद धमनीवर बायपास करायला आलेल्या रुग्णाचे हृदय ठीकच असेल, असे मानण्याची सोय १९८४ पासून उरलेली नाही. त्या वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकच्या हर्ट्झर व सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १,००० रुग्णांच्या कोरोनरी अँजिओग्राफीचे निष्कर्ष मांडले. हृदयाच्या धमन्या निर्दोष असलेले जेमतेम ८ टक्के निघाले. तरीही आपल्या केसपेपरवर गँग्रीन कुठवर चढले, कोणती नाडी लागते, डॉप्लर काय म्हणतो हे सगळे बारकाईने असते आणि तंबाखू, लिपिड, एचबीएवनसी यांच्यापुढची जागा बऱ्याचदा रिकामी. ती रिकामी जागा पुढचा डॉक्टर ‘नाही’ अशी वाचतो, खरा धोका तिथे आहे.

‘फिटनेस घेतलाच आहे की,’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण फिटनेस पाहतो तो रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडेल का, एवढेच. ली यांच्या १९९९ च्या निर्देशांकातले सहा घटक त्यासाठीच निवडलेले आहेत. धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल त्यांत नाहीत, आणि त्या कामापुरते ते योग्यही आहे. पुढचे काय? २००४ च्या ‘कार्प’ चाचणीत ५१० रुग्ण होते. निम्म्यांच्या हृदयाच्या धमन्या आधी मोकळ्या केल्या, निम्म्यांना थेट शस्त्रक्रियेला घेतले. २.७ वर्षांनी मृत्यूचे प्रमाण २२ आणि २३ टक्के. आधी स्टेंट घालून उपयोग नाही, हा बोध आपण लगेच घेतला. पण दोन्ही गटांत पाचांतला एकाहून अधिक जण तीन वर्षांच्या आत गेला, याची चर्चा फारशी होत नाही. हाती उरतात ती स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाब-साखरेवर ताबा आणि तंबाखूबंदी. जे लिहिलेच नाही त्यावर ती सुरू कोण करणार?

मध्यरात्री एम्बोलेक्टमीला घेतलेल्या रुग्णाला लिपिडचे विचारत बसू नये, हे मान्य. निवासी डॉक्टरांवर आणखी एक फॉर्म लादू नये, हेही. पण घरी जाण्याआधी चार-दोन दिवस मिळतातच. विचारायचे ते मात्र नीट विचारावे. ‘धूम्रपान: होय/नाही’ हा रकाना महाराष्ट्रात तरी फसवा आहे: २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात इथे ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते ते खरेच असते. चघळण्याच्या तंबाखूचा पायाच्या धमन्यांशी संबंध विडी-सिगारेटइतका पक्का नाही, पण हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तिच्याने सुमारे दुप्पट होतो, असे ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले.

नुसत्या नोंदीने कोणी बरे होत नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार. म्हणूनच ती केसपेपरच्या आतल्या पानात नव्हे, डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या शेजारी हवी; केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो, कार्ड गावच्या डॉक्टरांपुढे उघडते. तंबाखू, रक्तदाब, साखर, एलडीएल, क्रिएटिनिन आणि पुढची तपासणी कोण करणार, एवढ्याच ओळी. त्या कोऱ्या असतील तर युनिटप्रमुखांनी कार्डावर सही करू नये.