गोणी कुठे हरवली?

दोस्तांनो, मागच्या वेळी आपण पायथॉनमध्ये लूप लिहायला शिकलो. आज तो लूप चुकला तर काय करायचं ते पाहू. आणि तो चुकतोच, बरं का! लिहिणारा कितीही हुशार असो.

समजा, तुम्ही शिरूरचे. घरचा कांदा बाजार समितीत न्यायचाय. पाच गोण्या भरल्या, वजनं आली ४८, ५२, ५०, ४७ आणि ५३ किलो. आजोबांनी तोंडी बेरीज केली, २५०. तुम्ही म्हणालात, थांबा, कॉम्प्युटर सांगेल! वजनांची यादी केली, फॉर लूप लावला, त्याच्या पोटात दोन ओळी लिहिल्या. पहिली, 'एकूण बरोबर शून्य'. दुसरी, 'एकूणमध्ये हे वजन मिळव'. लूप संपल्यावर प्रिंट. (पायथॉन ३ मध्ये 'एकूण' हे नाव देवनागरीत लिहिलेलंही चालतं. आकडे मात्र इंग्रजीच हवेत.)

उत्तर आलं ५३!

आजोबा हसणारच. पण सगळं पुसून पुन्हा लिहू नका, त्यानं चूक कळत नाही. रात्रीच्या गाडीनं पुण्याहून दौंडला जाताना आपण काय करतो? खिडकीतून पाट्या वाचतो. यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, मग दौंड. केडगावनंतर पुन्हा खुटबाव दिसलं, तर गाडी उलटी चाललीय हे तिथंच समजतं. तशी पाटी लूपमध्ये लावायची. बेरजेच्या ओळीखाली, लूपच्या आतच, एक प्रिंट घाला आणि वजन नि एकूण दोन्ही छापा. पडद्यावर दिसेल ४८ ४८, मग ५२ ५२, मग ५० ५०. अरेच्चा, एकूण वाढतंय कुठे? दर फेरीला ते शून्य होतंय! शून्याची ओळ लूपच्या वर न्या, समासाला चिकटवून, म्हणजे ती एकदाच चालेल. पायथॉनमध्ये कुठली ओळ लूपच्या आत हे डावीकडे सोडलेल्या जागेवरूनच ठरतं.

५३ निदान ओरडून सांगतं की चुकलंय. खरी भीती शहाण्यासारख्या दिसणाऱ्या उत्तराची. समजा, तुम्ही गोण्यांच्या क्रमांकावर लूप फिरवला आणि रेंजच्या कंसात १, ५ लिहिलं. उत्तर येतं २०२. कुणालाही खरं वाटेल! आजोबा जवळ नसते, तर ४८ किलोचे पैसे बुडालेच की. इथंही आत प्रिंट घाला, क्रमांक आणि वजन. १ ला ५२, २ ला ५०, ३ ला ४७, ४ ला ५३. पहिलीच गोणी गायब! कारण पायथॉन यादी ० पासून मोजतो, आणि रेंज शेवटचा आकडा घेतच नाही. पाच गोण्यांना कंसात नुसतं ५ पुरे. मग ० ते ४ अशा पाच फेऱ्या होतात. विचित्र वाटतं खरं, पण हात बसतो.

व्हाइल लूपमध्ये मोजणारा आकडा वाढवायला विसरलात, तर प्रिंट तीच ओळ ओकत बसेल. घाबरू नका, कंट्रोल धरून सी दाबा. आणि हो, चूक सापडली की तपासणीचे प्रिंट काढून टाका.

आता तुमच्यासाठी एक. सातच्या पाढ्याला रेंजच्या कंसात १, १० लिहिलं, तर पाढा ६३ वरच थांबतो. ७० कुठे गेले?