पहिला क्रमांक रिकामा ठेवा

मागच्या हिवाळ्यात आम्ही विभागातले तिघे प्राध्यापक एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन दाभोळला गेलो होतो. अंडा मशीद पाहिली, चंडिकेच्या गुहेत जाऊन आलो आणि धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी धक्क्यावर थांबलो. बोटीला उशीर होता. तेवढ्यात दोन विद्यार्थ्यांत वाद पेटला. विषय होता, इतिहासातला सर्वश्रेष्ठ स्नायपर कोण? एकजण फिनलंडच्या सिमो हायहाचा वकील, दुसरा सोव्हिएत रशियाच्या वासिली झाइत्सेवचा. एकाने पाचशेचा आकडा फेकला. दुसऱ्याने दोनशे पंचवीस सांगून स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यांचे भांडवल केले. तिसऱ्याने अमेरिकेच्या ख्रिस काइलचे एकशे साठ पुढे केले. बोट आली, सगळे चढले, वाद मात्र काठावर राहिला नाही. अखेर निकाल आमच्याकडे मागण्यात आला, आणि त्यातल्या एकाने जाता जाता विचारले, "सर, या यादीत आपला एकही कसा नाही?"

त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. आमच्यातल्या एकाचे मत पडले की हा विषय साहित्याचा नव्हे. आज ते मत आम्ही तिघेही नाकारतो. हा विषय साहित्याचाच आहे, कारण या वादात पुरावा म्हणून जे काही मांडले जाते ते सारे कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेले आहे. आणि लिहिलेले कसे वाचावे हे शिकवण्याचाच पगार आम्ही घेतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'स्नायपर' हा शब्द युरोपच्या रणभूमीवर जन्मलेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी 'स्नाइप' नावाच्या पक्ष्याची शिकार करीत, तिच्यावरून तो आला. आपण त्या पक्ष्याला पाणलावा म्हणतो. भाताच्या ओल्या खाचरात तो मातीशी मिसळून बसतो, आणि पाऊल अगदी जवळ आले की वाकडातिकडा उडतो. त्याला टिपणे ज्याला जमले तो पक्का नेमबाज. म्हणजे ज्या श्रेष्ठत्वाचा मुकुट आपण आज परक्या डोक्यांवर शोधतो, त्याचे नाव आपल्याच चिखलातून गेलेले आहे. लक्षात घ्यायचे ते एवढेच की शब्दाच्या मुळाशी शिकार आहे, आणि शिकारीत मोजदाद नेहमी शिकाऱ्याची होते. पाणलाव्याच्या बाजूने वही कुणी ठेवत नाही.

आता आकडे. बखर शिकवताना आम्ही वर्गात पहिल्याच तासाला बजावतो की बखरीतली संख्या ही गणना नसते, ती आशय असते. लाखाची फौज म्हणजे 'अफाट' फौज. विद्यार्थी हे परीक्षेत बिनचूक लिहितात. मग तेच विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर आम्हीही, युद्धकाळातल्या सरकारी पत्रकातला आकडा वेदवाक्य म्हणून का स्वीकारतो? १९४२च्या स्टालिनग्राडमध्ये झाइत्सेवचे नाव सैन्याच्या वृत्तपत्रांनी मोठे केले, कारण मोडकळीला आलेल्या शहराला एका माणसाची गोष्ट हवी होती. त्याला मारण्यासाठी बर्लिनहून खास धाडलेल्या जर्मन मेजरशी झालेले त्याचे द्वंद्व २००१च्या चित्रपटाने जगभर पोचवले. त्या मेजरचा माग मात्र जर्मन कागदपत्रांत लागलेला नाही. हे बखरीचेच लक्षण आहे. नायक मोठा दिसायचा तर प्रतिनायक तोलामोलाचा लागतो.

ल्युदमिला पावलिचेंको हिच्या नावावर ३०९ बळी सांगतात. १९४२ साली सोव्हिएत सरकारने तिला अमेरिकेत पाठवले, पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडावी म्हणून लोकमत वळवायला. तिथल्या वार्ताहरांनी तिला विचारले ते तिच्या गणवेशाच्या लांबीविषयी आणि प्रसाधनाविषयी. एकाच बाईला एका देशाने आकडा केले आणि दुसऱ्याने पोशाख. तिचा नेम प्रत्यक्षात कसा होता, हे या दोन्ही वाचनांतून कळत नाही.

तिसरे उदाहरण आम्हाला सर्वांत बोचते. कॅनडाचा फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे आदिवासी. पहिल्या महायुद्धात त्याने ३७८ जणांना टिपले असे सांगितले जाते. मिलिटरी मेडल हे पदक त्याला तीन वेळा मिळाले. घरी परतल्यावर मात्र त्याला आपल्या साध्यासुध्या व्यवहारासाठीही सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. १९५२ साली तो वारला, आणि त्याच्या लोकांना आपला आदिवासी दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मिळाला १९६० साली. म्हणजे त्याने मारलेले मोजले गेले, तो स्वतः माणसांत मोजला गेला नाही. ही कथा कोकणाला नवी वाटू नये. ज्या महार कुटुंबांच्या पिढ्या कंपनी सरकारच्या पलटणींत खपल्या, त्यांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, आणि त्याविरुद्धचा आवाज दाभोळपासून हाकेच्या अंतरावरल्या दापोलीतून, निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी उठवला होता.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. यादीत आपला कुणी नाही याचा अर्थ आपल्यात नेमबाज नव्हते असा होत नाही. यादीत नाव यायला नेम पुरत नाही. नोंदवही लागते, ती भरणारा साक्षीदार लागतो, ते नाव छापणारे वृत्तपत्र लागते, आणि त्या नावाची त्या क्षणी गरज असलेले सरकार लागते. शिवाय या कसबातच एक विरोधाभास आहे. न दिसणे हीच ज्या कलेची परिपूर्ती, तिच्यातले प्रसिद्ध लोक हे सर्वांत निपुण लोक असतीलच असे कसे मानायचे? जो कधीच सापडला नाही, ज्याची गोळी कुठून आली हे अखेरपर्यंत कळले नाही, तो या स्पर्धेत उतरतच नाही. तेव्हा यादी श्रेष्ठत्वाची नाही, प्रसिद्धीची आहे.

आमच्यावर आक्षेप येईल तो असा. आकडे सोडा, पण कौशल्याचे काय? हायहाने उणे चाळीसपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, दुर्बिणीशिवाय, साध्या माशी-खाचेच्या रायफलने आपले काम केले. युद्ध लागले ३० नोव्हेंबर १९३९ला. ६ मार्च १९४० रोजी जबड्यात गोळी लागून तो कोसळला. त्या शंभरएक दिवसांतले त्याचे बळी कुणी ५०५ म्हणतात, कुणी ५४२. त्याने स्वतः लिहून ठेवलेली आणि २०१७ साली उजेडात आलेली आठवणींची वही पाचशेच्या आसपासच बोलते. शिवाय तो शेतकरी होता, आणि लढत होता तो आपल्या देशावर चालून आलेल्या सैन्याशी. हे सर्व आम्हाला मान्य आहे. दडून मारणारा तो भेकड, हे मत आम्ही मुळीच मांडत नाही. बर्फात तासन्तास निश्चल पडून राहायला जे लागते ते आमच्यापाशी नाही. पण त्याच हायहाने आपल्या वहीत त्या बळींच्या गणतीला 'पापांची यादी' म्हटले आहे. १९४० नंतर बासष्ट वर्षे तो जगला, आणि आकड्याचा डांगोरा त्याने पिटला नाही. आपण त्याच्या पापांच्या यादीची गुणपत्रिका करून धक्क्यावर भांडत होतो, ही या वादातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

अंतराचा विक्रम हा आणखी एक मापदंड. २०१७ साली कॅनडाच्या एका सैनिकाची नोंद ३,५४० मीटरची, २०२३ साली युक्रेनच्या एका नेमबाजाची ३,८०० मीटरची. दाभोळच्या धक्क्यावरून सुटलेली अशी गोळी खाडी ओलांडून धोपाव्याच्या पार मागे जाईल. एवढ्या अंतरावरच्या माणसाला चेहरा नसतो, आणि आमच्या मते खरा प्रश्न तो आहे.

आपल्या परंपरेत लांबून मारण्याचा एक प्रसंग सर्वांच्या पाठांतरात आहे. १६६५ साली पुरंदरावर मुरारबाजी पडला तो दिलेरखानाच्या बाणाने, असे सभासद सांगतो. सभासदाचे तपशील इतिहासाच्या कसोटीला किती उतरतात हा वेगळा प्रश्न. पण कथनाची रचना पाहा. बाण सुटण्याआधी खान मुरारबाजीला पाहतो, त्याचा पराक्रम ओळखतो, त्याच्याशी बोलतो, त्याला आपल्याकडे यायला सांगतो, नकार ऐकतो आणि मग धनुष्य उचलतो. मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये भाषा आहे. नाव उरले ते पडलेल्याचे. दिलेरखानाने आयुष्यात किती माणसे बाणाने मारली, हे बखरकाराला विचारावेसेही वाटले नाही.

अर्थात या परंपरेचा आम्ही अभिमान मिरवणार नाही, कारण पडलेल्यांची गणतीही आपण सरळ केलेली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. मराठ्यांच्या इतिहासात याहून दूरगामी परिणामाची गोळी दाखवणे कठीण, आणि ती कुणाची हे कुणालाच माहीत नाही. त्या पराभवाची जी सांकेतिक वार्ता सांगितली जाते तिच्यात दोन थोर पुरुष मोती होतात, सरदार मोहोरा होतात, आणि उरलेले हजारो सैनिक रुपये आणि सुटी नाणी, ज्यांचा हिशेब लागत नाही. पिढ्यान्पिढ्या आम्ही या रूपकाचे सौंदर्य शिकवत आलो. त्यातला चिल्लर कोण, हे आम्ही वर्गात एकदाही विचारलेले नाही.

दाभोळही त्याच चिल्लरीत जमा आहे. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याचा मुलगा लॉरेन्सो तोफेच्या माऱ्यात मेला. लढाईत आरमार होते इजिप्तचे आणि दीवचे. दाभोळ हे आदिलशाहीचे बंदर. तरीही त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर, दीवकडे निघालेल्या अल्मेदाने वाटेत दाभोळ जाळले आणि दिसेल त्याची कत्तल केली. लॉरेन्सोचे नाव इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्याला लागलेला गोळा कोणत्या गोलंदाजाने डागला ते माहीत नाही, आणि इथे कापल्या गेलेल्यांपैकी एकाचेही नाव आम्ही विद्यार्थ्यांना सांगू शकलो नाही. ज्या धक्क्यावर तो वाद चालला होता तो याच गावचा.

आता आमचा निकाल. आमच्या मते यादीतला पहिला क्रमांक रिकामा ठेवावा, आणि तो का रिकामा आहे हे कळण्यासाठी एकच मराठी नाव पाठ करावे. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, गाव पळसगाव, तालुका माणगाव. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशिनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन आणि गनर निकामी केला, एकाला गोळी घातली. बंदुकीत दुसरे मॅगझिन भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या गोळ्या झाडणारे कोण होते? नेम अचूक होता, लपण्याची जागा उत्तम होती, काम फत्ते झाले. धक्क्यावरच्या सर्व निकषांवर ते उतरतात. त्यांचे नाव नाही, आकडा नाही. कुठल्याशा जर्मन खेड्यातली तीही पोरेच असतील. त्यांचा द्वेष करावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या वहीत, ती असलीच तर, यशवंत घाडगे म्हणजे एक रेघ. ५०५ आणि २२५ यांच्या आत अशाच रेघा आहेत, आणि प्रत्येक रेघेला कुठेतरी एक पळसगाव आहे. रेघा मोजून श्रेष्ठ ठरवायचा, तर आपल्याच माणसाची रेघ कुणाच्या तरी खात्यावर आनंदाने जमा करायची तयारी हवी. आमची ती नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी सैन्यात गेलेली माणसे आहेत, दोघेजण स्वतः भरतीची तयारी करीत आहेत. मुंबईला जाताना त्यांची एस.टी. माणगावातून जाते, आणि माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. त्या दिवशी धक्क्यावर आम्ही त्यांचे नाव विचारले तेव्हा एकालाही ते सांगता आले नाही. हायहाच्या रायफलची जात मात्र तिघांनी सांगितली. दोष मुलांचा नाही. युद्धावर आपण त्यांना वाचायला काय दिले, याचा हिशेब आम्हा शिक्षकांनी द्यायचा आहे. इटलीतल्या मोंतोने या गावाने २०२३ साली घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत.

यंदा आम्ही सहल माणगावला नेणार आहोत. तिथून पळसगावलाही जाऊ. हायहाच्या आणि झाइत्सेवच्या वकिलांनी जरूर यावे. वाद पुढे चालवायला आमची ना नाही.