घरातील हत्यारपेटी
पेटीवर छापलेली नगांची संख्या पाहून हत्यारपेटी घेऊ नये. तीत बरेचदा स्क्रू-ड्रायव्हरची सुटी टोकेच मोजलेली असतात. मालाची पारख असलेल्या व्यापारी घरांस हे वेगळे सांगावयास नको. पक्कड, दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, सरकता पाना, हातोडी, टेस्टर आणि नळाच्या आट्यांसाठी टेफ्लॉन टेप एवढे पुरे. पक्कड मात्र निरखून घ्यावी. मुठीवरील प्रत्येक रंगीत आवरण विजेपासून रक्षण करीत नाही. दुहेरी त्रिकोण व १००० व्होल्टची खूण पाहावी. घरातील २३० व्होल्टची वीजही जीव घेऊ शकते. टेस्टर पेटला नाही म्हणजे तारेत वीज नाही, असेही नव्हे. तो आधी चालू सॉकेटमध्ये पारखावा, आणि मुख्य स्विच बंद केल्यावाचून तारेस हात लावू नये.